घाटंजीच्या भट्टीवरची नळी

मित्रांनो, घाटंजीच्या बाजारातून बसस्टँडकडे जाताना डाव्या हाताला मोहिउद्दीन मिस्त्रीचं गॅरेज लागतं. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी एक गंजलेली लोखंडी नळी पडलेली दिसेल. दोन हात लांब, मनगटाहून जाड, दोन्ही तोंडांना जुन्या डागाच्या खुणा. उन्हं कलली की सुग्राबीच्या कोंबड्या तिच्यावर येऊन बसतात. ती नळी म्हणजे मी. माझ्या पोटात अजूनही मातीच्या वड्या आहेत, काळ्या पडलेल्या. कधीकाळी त्या पांढऱ्या होत्या. त्या ज्यांनी वळल्या, त्या माणसांची ही गोष्ट आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. आठवतं ते मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या एका ट्रकचं पोट. इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी दिवसभर गरगर फिरायची. कापसाच्या गठाणी लादून आमचा ट्रक घाटंजीहून यवतमाळला जायचा. येताना मीठ, सिमेंट, तर कधी लग्नाचं वऱ्हाड घेऊन यायचा. रस्ते कच्चे होते आणि पावसाळ्यात नाल्याचं पाणी माझ्या अंगावरून जायचं. तरी ते दिवस चांगले होते. आपल्यामुळे काहीतरी पुढे सरकावं, एवढंच नळीला हवं असतं.

१९५६ साली, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात, आमचा ट्रक घाटात उलटला. ड्रायव्हर वाचला, ट्रक वाचला नाही. मोहिउद्दीननं त्याचे भाग सुटे केले. जे विकलं गेलं ते विकलं गेलं. मला मात्र त्यानं हातात घेऊन वाजवून पाहिलं आणि कोपऱ्यात उभं केलं.

"ही राहू दे," तो बायकोला म्हणाला. "चांगलं लोखंड हाय. कधीतरी कामी येईन."

सुग्राबी म्हणाली, "तुमचं सगळंच कधीतरी कामी येते. घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली."

त्या कोपऱ्यात मी दोन पावसाळे काढले. मग एका दुपारी रामधन मास्तर गॅरेजात आला.

रामधन घाटंजीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. गावाबाहेरच्या तांड्यावरचा तो पोरगा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. आता तांड्यावरची माणसं शेती करत. वडील लवकर गेले. तेव्हा थोरला भाऊ फकिरा तिसरीतून शाळा सोडून नांगराला लागला, आणि त्याच्या नांगरावर रामधन शिकला. थेट नागपूरला जाऊन रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला. तांड्यातला तो पहिलाच. तिथे त्याच्या सरांचं संशोधन उत्प्रेरकांवर होतं. जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलाचे मोठे, जड रेणू उत्प्रेरकाच्या मदतीनं तोडून त्यांचं हलकं तेल कसं करायचं, हा त्यांचा विषय. रामधनला तिथेच राहायचं होतं. पण आई एकटी, भावाच्या डोक्यावर सगळा भार, म्हणून तो मास्तर होऊन गावी परतला. विषय मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही.

त्या दुपारी तो मोहिउद्दीनला म्हणाला, "भाई, ट्रकचं जळकं काळं ऑइल तुम्ही कुठं टाकता?"

"कुठं टाकीन? नालीत. वंगन म्हून संपलं की ते कोनाच्या कामाचं राहत नाही."

"मले देता का? त्याचं राकेल करून पाहायचं हाय."

मोहिउद्दीन हसला नाही. तो रामधनच्या बापाला ओळखत होता आणि रामधनला लहानपणापासून पाहत होता. त्यानं हात पुसले आणि विचारलं, "काय काय लागते?"

लागली ती मी. मला मधोमध कापून योग्य त्या लांबीची केली. भट्टी बांधून तिच्यावर मला आडवी ठेवली. एका तोंडाला बंद लोखंडी भांडं जोडलं; त्यात काळं तेल तापायचं आणि त्याची वाफ माझ्यात शिरायची. दुसऱ्या तोंडाला तांब्याची बारीक नळी जोडली. ती पाण्याच्या डब्यातून वेटोळे घेत बाहेर निघायची आणि तिच्या टोकाशी बाटली. राहता राहिलं माझं पोट. त्यात काय भरायचं?

मोठ्या कारखान्यांत उत्प्रेरक विकत आणतात. रामधननं आपल्या आईच्या भिंती आठवल्या. तांड्याजवळच्या नाल्यात पांढरी माती निघते. रुपीबाई दरसाल तिनं घर सारवायची. तशीच माती नागपूरच्या प्रयोगशाळेत त्यानं शिशीत पाहिली होती. फकिरानं बैलगाडीतून ती आणून टाकली. रामधननं ती बॅटरीच्या पातळ तेजाबात भिजवली, पाण्यानं पुन्हापुन्हा धुतली आणि मळली. मग वाटाण्याएवढ्या वड्या वळायच्या होत्या. रामधनच्या वड्या वाळल्या की फुटायच्या.

बाजाराच्या दिवशी रुपीबाई गॅरेजात येऊन बसायची. तिचं आणि सुग्राबीचं बरं जमायचं. तिनं लेकाची खटपट पाहिली, बाह्या मागे सारल्या आणि मातीचा गोळा पुढ्यात ओढला. बोलता बोलता तिनं खाटभर वड्या घातल्या. सुग्राबीही बसली.

"उन्हात नोको वाळवू," रुपीबाई म्हणाली. "सावलीत वाळू दे. मूग-बरबटीच्या वड्या बी उन्हात घातल्या तर फुटतेत." मग तिनं विचारलं, "पन बेटा, तेल तर तेलातून निघते. ही माती त्यात काय करते?"

रामधन तिच्याजवळ उकिडवा बसला. "याडी," तो आईला याडीच म्हणायचा, "आपल्या तांड्यात भावाभावाच्या वाटण्या होतात, तवा नायक काय करतो?"

"मधात बसते. वाटून देते."

"स्वतः काही नेते का?"

"नायक कायले नेईन? आला तसा उठून जाते."

"तसंच. जड तेल एकमेकाले घट्ट धरून असते. ही माती मधात बसते आणि त्याले सोडवून देते. हलकं तेल एकीकडं, जड एकीकडं. माती जशीच्या तशी राहते. याले उत्प्रेरक म्हनतात."

रुपीबाईनं हातातली वडी निरखून पाहिली. "घराच्या भिंतीले एवढी अक्कल असन असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली आणि पुढची वडी वळायला घेतली.

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

पहिले कितीतरी प्रयोग फसले. कधी बाटलीत नुसता घाण वासाचा काळा चिखल उतरायचा, कधी माझ्या जोडातून वाफ निसटायची. मोहिउद्दीन ट्रकचं काम टाकून येई आणि जोड पुन्हा डाग देऊन बंद करी. वड्यांवर काजळीचा थर बसला की त्यांचं काम थांबायचं. तेव्हा तेलाचं भांडं काढून रामधन भात्यानं माझ्यातून नुसती गरम हवा सोडायचा. काजळी जळून जायची आणि वड्या पुन्हा पांढुरक्या व्हायच्या. "मातीले बी श्वास घेऊ द्यावा लागते," असं तो म्हणायचा. घाई त्याला ठाऊक नव्हती.

तेलाबरोबर पाणीही उतरायचं. त्यावर मोहिउद्दीनजवळ उपाय होता. पेट्रोल गाळायला तो एक मऊ पिवळसर चामडं वापरायचा. ते तेलात ओलं करून गाळणीत बसवलं की तेल खाली जातं आणि पाणी वर अडून राहतं. रामधननं ते चामडं उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. "भाई, याले पडदा म्हनतात," तो म्हणाला. "कोनाले आत घ्यायचं आणि कोनाले नाही, हे असा पडदा ठरवते. नागपूरले सर यावर बी काम करून राह्यले." मोहिउद्दीन म्हणाला, "आमी याले चामडं म्हनतो." दोघंही हसले. ती दोन माणसं तेव्हा फार सुखात होती.

१९६१चा पावसाळा संपता संपता तेल जमलं. भट्टी पेटली की पहिल्यांदा उतरायचं ते पाण्यासारखं स्वच्छ, नाकाला झोंबणारं, अगदी हलकं तेल. ते जवळजवळ पेट्रोलच. त्याचा दिव्याशी संबंध नाही. मोहिउद्दीन त्यात यंत्राचे भाग धुवायचा. रामधन ती बाटली बाजूला काढायचा आणि दुसरी लावायचा. मग उतरायचं ते पिवळसर, थोडं जाड तेल. दिव्याचं तेल ते. दोन्ही बाटल्या भिंतीतल्या एका कोनाड्यात राहायच्या. त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कोणती कशाची, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग लिहायचं कोणासाठी?

पिवळं तेल सुग्राबीनं आपल्या कंदिलात घातलं आणि संध्याकाळभर जाळलं. दुसऱ्या दिवशी ती काच घेऊन गॅरेजात आली.

"पाहा," ती म्हणाली. "पुसली नाही मी. दुकानातल्या राकेलनं यापेक्षा काळी होते."

रामधननं काच हातात घेतली आणि आतून बोट फिरवून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात नागपूरचे सर बसनं आले. म्हातारे, बारीक अंगाचे गृहस्थ. त्यांनी धोतराचा सोगा खोचून भट्टीजवळ बसून सगळं पाहिलं. वडी फोडून पाहिली, चामडं पाहिलं, दोन्ही तेलांचा वास घेतला. माझ्या तापलेल्या अंगावरून त्यांची नजर फिरली तेव्हा मी ताठ झाले. नळी ताठच असते म्हणा.

"रामधन," ते म्हणाले, "उन्हाळ्यात ये. प्रयोगशाळेत तुला जागा करून देतो. हे काम तिथे पुरं कर. ही नळी पण घेऊन ये."

फकिरा त्या वेळी गाडी सोडून दारात उभा होता. त्याला सगळं समजलं नाही, पण भावाला नागपूरला बोलावलं एवढं समजलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून सरांचे पाय धरले. फकिरा निघाला तेव्हा रामधन थोरल्या भावाला म्हणाला, "भिया, आता आपल्या घरी दुकानातलं राकेल नाही जळनार. याडीसाठी तेल ठेवतो. पुढच्या बाजाराले नेजो."

पुढचा बाजार आला. कापसाचा वेचा जोरात होता. रामधन शाळेत होता. मोहिउद्दीन एका ट्रकखाली पाठीवर पडून नटबोल्ट कसत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. फकिरा घाईत आला. त्याची गाडी बाहेर उभी होती.

"मोहिउद्दीनभाई, याडीसाठी तेल नेऊन राह्यलो. रामधननं म्हटलं होतं."

ट्रकखालून आवाज आला, "ने ना भाऊ. तुह्याच भावाचं तेल हाय."

फकिरा कोनाड्यासमोर उभा राहिला. दोन बाटल्या होत्या. एक पिवळसर. दुसरी अशी स्वच्छ की तिच्यातून पलीकडची भिंत दिसावी. त्यानं पिवळी उचलली, खाली ठेवली. मग स्वच्छ बाटली उचलली, उजेडात धरली आणि तो हसला. आईसाठी न्यायचं तर चांगलंच न्यावं, असं कोणत्या लेकाला वाटणार नाही? बाटली दुपट्ट्यात गुंडाळून तो गेला.

मी भट्टीवर आडवी पडून हे पाहत होते. भांडं आणि तांब्याची नळी काढून ठेवलेली, म्हणून माझी दोन्ही तोंडं उघडी होती. पण नळीला बोलता येत नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गॅरेजात जे बोललं गेलं ते ऐकलं. दिवेलागणीला फकिराची बायको बसंतीबाई लेकराला घेऊन पाण्याला गेली होती. फकिरा बैल सोडायला गोठ्यात गेला होता. घरात वेचून आणलेला कापूस कोपऱ्यात छातीएवढा रचलेला होता. रुपीबाईनं टिनाच्या चिमणीत लेकाचं तेल भरलं आणि काडी ओढली. हलकं तेल वातीपुरतं जळत नाही. चिमणी भपकन पेटली, तिच्या हातातून सुटली आणि कापसात पडली. बसंतीबाई घडा टाकून धावत आली तोवर दारातून आत जाण्यासारखं राहिलं नव्हतं. फकिरानं तरी जाऊन आईला बाहेर काढलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मोहिउद्दीननं दुरुस्तीला आलेलाच ट्रक काढला आणि तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्याकडे निघाला. मागे रामधन आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ती शुद्धीवर होती. घाटाच्या अलीकडे मोहिउद्दीननं पाणी पाजायला ट्रक थांबवला. तेव्हा ती म्हणाली, "तुह्या तेलाचा उजेड लय पडला, बेटा."

घाट चढून होईपर्यंत ती गेली.

हे मोहिउद्दीननं सुग्राबीला सांगितलं तेव्हा तो माझ्याजवळ जमिनीवर बसला होता. सुग्राबीनं पदर तोंडावर घेतला. खाटेवर त्या आठवड्यात वळलेल्या वड्या तशाच पडल्या होत्या. त्यांच्यावर रुपीबाईच्या बोटांचे ठसे होते.

आईचे तेरा दिवस झाल्यावर रामधन गॅरेजात आला. आल्या आल्या कोनाड्यासमोर उभा राहिला. तिथे पिवळी बाटली होती. स्वच्छ बाटली नव्हती. मोहिउद्दीन मागून आला.

"मास्तर, मी ट्रकखाली होतो," तो म्हणाला. "उठून पाहाले पाहिजे होतं. मी नुसतं ने म्हटलं."

"तुमचा काही दोष नाही, भाई."

"मग कोनाचा हाय?"

रामधननं पिवळी बाटली उचलली, बाहेर नेऊन नालीत रिकामी केली, दगडावर फोडली आणि काचा पायानं मातीत दाबल्या. मग म्हणाला, "तांड्यात आज बैठक हाय. डोंगरसिंग नायकानं बोलावलं. मी सांगनार हाय की माह्यं तेल कच्चं होतं."

"खोटं हाय ते," मोहिउद्दीन म्हणाला. "तेल चांगलं होतं. माह्या घरात जळलं. नागपूरच्या सरानं पाह्यलं."

"तेल चांगलं होतं म्हटलं, तर बाटली चुकीची गेली असं म्हनावं लागीन. मग ती कोनं नेली, हे बी म्हनावं लागीन." रामधनचा आवाज अगदी सपाट होता. "भियाचे हात पाह्यले का तुमी? त्यानं माह्यासाठी शाळा सोडली. याडीले आगीतून त्यानं काढलं. आता मी त्याले सांगू, की ते तू नेलं म्हून?"

मोहिउद्दीन खाली बसला. त्यानं विचारलं, "आणि नागपूर?"

"कच्च्या तेलाचा मानूस नागपूरले कायले जाईन?"

तसंच झालं. बैठकीत रामधननं सगळा दोष स्वतःवर घेतला. तांड्यात लोक म्हणाले, शिकलेल्या पोरानं आईला जाळलं. काहींनी त्याच्या हातचं पाणी सोडलं. सर एकदा येऊन गेले. रामधननं त्यांनाही तेच सांगितलं. म्हातारे सर माझ्याकडे पाहत राहिले. तेलाचा वास त्यांनी स्वतः घेतला होता. त्यांना पटलं नसावं. पण समोरचा माणूस हात जोडून बसला असेल तर काय बोलणार? ते संध्याकाळच्या बसनं परत गेले.

फकिरा एकदाच आला. हातांना फडकी गुंडाळलेली. दारातून त्यानं भट्टी पाहिली, मला पाहिलं, कोनाडा पाहिला. कोनाडा रिकामा होता.

"ते तेल कच्चं होतं का, रामधन?"

"हो, भिया. माह्यी चूक झाली."

फकिरा आणखी थोडा वेळ कोनाड्याकडे पाहत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

उन्हाळ्यात रामधन नागपूरला गेला नाही. त्यानं उमरखेडच्या शाळेत नोकरी धरली. जाण्याआधी त्यानं मला भट्टीवरून उतरवलं. वड्यांवर काजळी बसलेली होती. मला वाटलं, तो भाता लावील, एकदा हवा सोडील. त्यानं माझ्या तोंडाशी हात नेला आणि मागे घेतला. आईचे हात लागलेल्या वड्या होत्या त्या. बाहेर काढाव्यात की आत राहू द्याव्यात, हे त्याला ठरवता आलं नसावं. मोहिउद्दीननं मला उचलून मागच्या भिंतीशी ठेवलं. भट्टीच्या विटा पुढे न्हाणीघराला लागल्या.

मग वर्षं गेली. भंगारवाला यायचा, मला पायानं ढकलून पाहायचा. मोहिउद्दीन म्हणायचा, "ते विकायचं नाही." सुग्राबीनंही त्यावर कधी कुरकुर केली नाही. ६५ साली लढाई झाली तेव्हा राकेल मिळेनासं झालं. दुकानापुढे डबे घेऊन बायकांची रांग लागायची, गॅरेजच्या दारापर्यंत यायची. मोहिउद्दीन त्या रांगेकडे पाहायचा, मागे येऊन माझ्याकडे पाहायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. नालीतून काळं तेल वाहतच होतं. मित्रांनो, गंजण्याचं दुःख फार नसतं. आपण कोणाच्या तरी कामी येऊ शकतो हे माहीत असताना गंजणं, हे दुःख मोठं असतं.

१९६७च्या हिवाळ्यात फकिरा परत आला. केस पांढरे झालेले. हातांची कातडी चकाकत होती आणि बोटं पुरती मिटत नव्हती. गाडीचा आस दुरुस्त करायचा आहे म्हणाला. काम झालं तरी उठेना. मोहिउद्दीननं चहा मागवला.

"भाई," फकिरा म्हणाला, "एक विचारतो. त्या कोनाड्यात तवा किती बाटल्या होत्या?"

मोहिउद्दीननं बशी खाली ठेवली. "एकच," तो म्हणाला.

"दोन होत्या. मी दोन्ही हातात घेऊन पाह्यल्या होत्या. दिवस झाल्यावर आलतो तवा एक बी नव्हती." फकिरा शांतपणे बोलत होता. "माह्यी तिसरीच झाली हाय, पन एवढं समजते. मी एक नेली. दुसरी कोनं नेली आणि कायले? मी ती पाहू नये म्हून रामधननंच नेली. मले त्याच दिवशी समजलं."

"मग बोलला काहून नाही तू?"

"बोलाले गेलो होतो. त्यानं माह्यी चूक झाली म्हटलं, आणि मले हिंमत नाही झाली. वाटलं, उद्या सांगीन. मग परवा. मग तो उमरखेडले गेला."

"अजून बी जाता येते," मोहिउद्दीन म्हणाला. "बस जाते. जा आणि त्याले सांग की मले ठाऊक हाय. त्याचं काम पुन्हा सुरू होईन. नळी माह्याजवळ हाय."

फकिरानं मान हलवली. "मागच्या पोळ्याले गेलतो. दोघं जेवलो. त्यानं माह्या ताटात भाकर चुरून देली, मले चुरता येत नाही म्हून. मी सांगतच होतो. तवा त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. भाई, मले काही ठाऊक नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो जगून राह्यला. त्यानं नागपूर सोडलं, तांडा सोडला, ते त्यासाठी. मले ठाऊक हाय असं सांगितलं, तर त्यानं सोडलं ते सारं वाया गेलं. मग त्याच्याजवळ राह्यलं काय?"

सुग्राबी दाराआड उभी राहून ऐकत होती. जाताना फकिरा मागच्या अंगणात आला. मला त्यानं ओळखलं. वाकून त्यानं माझ्या तोंडाशी आपला तो न मिटणारा हात ठेवला. आतली एक वडी ओघळून त्याच्या तळव्यावर आली. त्यानं ती पाहिली आणि हळूच पुन्हा आत सारली. मग गाडी जुंपून तो तांड्याकडे गेला.

रामधन मास्तर अजून उमरखेडला शिकवतो. चांगला शिकवतो म्हणतात. उत्प्रेरकाचा धडा आला की पुस्तकातला धडा पुस्तकातल्यासारखा सांगतो आणि पुढे जातो.

मित्रांनो, मला घासून चकचकीत करा, काचेच्या कपाटात ठेवा, असं मागणं माझं नाही. माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात कुठलीही बाटली असो, तिच्यात काय आहे ते तिच्यावर लिहून ठेवा. आपल्याला ठाऊक आहे म्हणून सोडून देऊ नका. घरात दुसरंही कोणी असतं, आणि ते मायेनंच हात पुढे करतं. त्याला वाचता येत नसेल, तर हातातलं काम ठेवून उठा, आणि जी द्यायची ती बाटली स्वतः त्याच्या हातात द्या.